परसातला जुना आंबा कोणता?



आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात, विहिरीच्या कडेला नाहीतर शेताच्या बांधावर एखादे जुने आंब्याचे झाड असेल. ते कोणी लावले, कधी लावले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच थोडेफार ठाऊक असते. झाड एक वर्षाआड फळते, फळे उंचावर असतात आणि वर चढायला गडी मिळत नाही. मग कधी घराला खोली वाढवायची निघते, कधी लाकूडवाला दारात येऊन भाव सांगतो. घरात कोणीतरी विचारतो, "अरे, हा आंबा आहे तरी कोणता?" उत्तर येते, "कसला कोणता? रायवळ आहे झालं." आणि चार दिवसांत बुंध्याला करवत लागते.

झाड ठेवायचे की काढायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण ते झाड कोण आहे हे कळण्याआधी ठरवू नका, एवढेच आज सांगायचे आहे. जुने झाड ओळखायचे तर त्याचे फळ बघावे लागते, तसा थोडा इतिहासही माहीत असावा लागतो. म्हणून आधी इतिहास सांगतो.

कलमी आणि रायवळ

कोय रुजून जे झाड येते त्याला आपण रायवळ म्हणतो. आंब्याच्या मोहरावर माश्या आणि किडे फिरतात. ते एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेतात. त्यामुळे फळ आईच्या झाडाचे असले तरी आतल्या कोयीत बहुधा दोन झाडांचे रक्त असते. म्हणूनच हापूसची कोय पुरली तरी हापूस येत नाही. येते ते तिसरेच झाड. ते कधी गोड निघते, कधी आंबटढाण. किनारपट्टीकडच्या काही जातींच्या एका कोयीतून दोन-तीन रोपे निघतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखी असतात. पण आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची कोय एकच रोप देते आणि ते रोप स्वतंत्र असते.

कलमाचे तसे नसते. चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर जोडली की वर वाढणारे झाड त्या चांगल्या झाडाचाच भाग असते. मुळे परकी, शेंडा तोच. देवगडातला हापूस आणि अलिबागेतला हापूस पिढ्यान्‌पिढ्या मागे नेत गेलो, तर कोणे एके काळी कोयीतून उगवलेल्या एखाद्या झाडापाशीच येऊन पोचू. तेही झाड रायवळच होते. कोणाच्या तरी लक्षात आले, कोणीतरी त्याची फांदी जोडली, म्हणून ते आजवर राहिले.

गोव्यात मिळालेली नावे

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले. आंबा त्यांच्या आधी हजारो वर्षे आपल्याकडे होताच. पण आंब्याच्या ठराविक झाडांची भेट कलमे बांधून ती जपण्याचे काम गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत जोरात झाले. त्यात जेझुइट पाद्र्यांच्या मळ्यांचा मोठा वाटा होता. भेट कलम म्हणजे काय, तर कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीला नेऊन भेटवायचे, दोघांची साल थोडी तासून एकत्र बांधायची आणि सांधा जुळला की फांदी आईपासून तोडायची.

त्या काळी गार्सिया द ऑर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहात होता. त्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. मुंबई बेट तेव्हा त्याच्याकडे खंडाने होते. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे येतात, असे त्याने त्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे एकेका झाडाकडे निराळे म्हणून बघण्याची सवय तेव्हाही होती.

पुढे मनुची नावाचा एक इटालियन प्रवासी येऊन गेला. मोगलांच्या नोकरीत त्याने बरीच वर्षे काढली. गोव्याचे आंबे सर्वांत चांगले, असे लिहून त्याने त्यांच्या नावांची एक यादीच दिली आहे. तीत 'निकोलाव आफोन्सो' असे एक नाव आहे. आपण ऐकत आलो ते असे, की आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीवरून हापूसला नाव पडले. पण मनुचीची यादी वाचली की वाटते, हे नाव एखाद्या बागवाल्याचे किंवा झाडाच्या मालकाचेही असू शकेल. ते काही असो, आफोन्सोचा आपूस झाला आणि आपूसचा हापूस झाला.

बाकीच्या नावांचेही असेच आहे. पायरी हे नाव पेरेस या आडनावावरून आले असे मानतात. फर्नांदिन हे नाव तर उघडच फर्नांडिसांच्या घरचे दिसते. मानकुराद हा मूळचा 'मालकोराद', म्हणजे वाईट रंगाचा. पावसाची सर लागली की त्याच्या सालीवर काळे ठिपके पडतात, म्हणून बिचाऱ्याला हे नाव. पण गोवेकराला विचारा, तो हापूस बाजूला ठेवून मानकुराद उचलेल! २०२३ साली त्याला गोव्याचा म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले.

मुंबईतल्या माझगावचे आंबेही एके काळी असेच नावाजलेले होते. मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई १८०९ साली मुंबईत होती. फळांच्या दिवसांत तिथल्या मूळ झाडावर शिपायांचा पहारा असे, अशी हकिकत तिने लिहून ठेवली आहे. आज माझगावात आमराई दिसत नाही, घरेच घरे आहेत. पहारा ठेवलेले झाडसुद्धा टिकले नाही. टिकल्या त्या ज्यांच्या फांद्या आधीच दुसरीकडे जोडल्या गेल्या होत्या त्या जाती.

देशावरची नावे

घाटावरच्या आमरायांची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक झाडे कोयीची, आणि नावे दिली ती गावाने. रस खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, साखरेसारखा तो साखऱ्या, शेपूचा वास येतो तो शेप्या, लाल शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या, लांबट तो केळ्या, गोटीएवढा तो गोट्या. या नावांत एक मेख आहे. एका गावचा शेप्या आणि शेजारच्या गावचा शेप्या हे एकच झाड नव्हे. दोघांना शेपूचा वास येतो, इतकाच त्यांचा संबंध. रायवळाचे नाव त्या एका झाडापुरते असते.

या झाडांची किंमत जुन्या राज्यकर्त्यांना कळत होती. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे हे सांगितले आहे. आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामाचे आहे, पण त्याला हात लावू देऊ नये, असा त्याचा भावार्थ. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजही आपल्या बांधावर लागू पडतो.

विसाव्या शतकात मुंबईची पेठ हापूस मागू लागली आणि कोकणात बागा वाढल्या. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे चांगलेच झाले. पण हापूस भरून पाठवायला पेट्या लागत. त्या पेट्यांच्या फळ्यांसाठी किती रायवळ आंबे आडवे झाले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले, पण विटांच्या भट्ट्या, जळण आणि घरबांधणी यांचा ओढा काही थांबला नाही.

आता ओळखायचे कसे?

पहिली गोष्ट, झाडाचे वय. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. "तुम्ही लहान असताना हे झाड केवढं होतं?" असे विचारले की वयाचा अंदाज येतो. जुन्या खरेदीखतातही कधी झाडांची नोंद सापडते. वयाचा उपयोग मोठा आहे. जुनागढच्या नवाबाने केसर आंब्याला ते नाव दिले १९३४ साली, आणि आपल्या मराठवाड्यात तो त्यानंतर पसरला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा रत्ना १९८१ चा, सिंधू १९९२ चा. म्हणजे आजोबांच्या वडिलांनी लावलेले झाड यांपैकी कोणतेच असणार नाही. कोणी कितीही छातीठोकपणे "हा केसरच" म्हटले, तरी झाडाचे वय त्याला खोटे पाडते.

दुसरी गोष्ट, बुंधा. जमिनीपासून हात-दीड हाताच्या आत बुंध्याला फुगवटा किंवा आडवी गाठ दिसते का, गाठीच्या वरची साल आणि खालची साल वेगळी आहे का, ते बघा. असेल तर झाड कलमी. फार जुन्या झाडात गाठ मुजून जाते किंवा मातीखाली जाते, म्हणून माती थोडी उकरून बघा. कलमी झाड बहुधा खालूनच पसरते, रायवळ सरळ उंच जाते. पण मोकळ्या रानातले रायवळही पसरते, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका. आणखी एक गंमत बघा. काही झाडांना एका बाजूला एक फळ आणि दुसऱ्या बाजूला भलतेच फळ येते. त्याचे कारण असे, की गाठीच्या खालून, मुळाच्या रोपाला फुटवा आलेला असतो आणि तोही वाढून मोठा झालेला असतो.

तिसरी गोष्ट, फळ. वाऱ्याने पडलेले एखादे फळ घेऊन जात ठरवू नका. झाडाच्या चारी बाजूंनी दहा तयार फळे उतरवा. पाच अढीत घाला आणि पाच तशीच समोर ठेवून नीट बघा. देठ मधोमध आहे की कलता, देठाशी खळगा आहे का, दोन्ही खांदे सारखे आहेत की एक उंच, खालच्या टोकाला चोच आहे का, साल पातळ की जाड, पिकल्यावर रंग कोणता, हे सगळे वहीत लिहा. मग फळ कापा. गराचा रंग, रेषा आहेत की नाहीत, रस पातळ की घट्ट, कोय केवढी आणि तिच्यावरचे केस आखूड की लांब, तेही लिहा.

नेहमीच्या काही जाती अशा ओळखता येतील:

हापूस: मध्यम आकार, एक खांदा उंच आणि रुंद, चोच जवळजवळ नाही, साल पातळ, गर केशरी, घट्ट आणि बिनरेषेचा. पिकल्यावर टिकतो. वरून चांगल्या दिसणाऱ्या फळात कधी पांढुरका, आंबूस साका निघतो, तो या जातीचा ठळक दोष आहे.

पायरी: चोच स्पष्ट दिसते, खांद्यावर लाली असते. गर मऊ आणि रसाळ, आमरसाला फार चांगला. पण फळ लवकर मऊ पडते, फार दिवस टिकत नाही.

मानकुराद: मध्यम आकार, पिवळा रंग, पावसात सालीवर काळे ठिपके. गोवा आणि सिंधुदुर्गाकडे परसात आढळतो.

फर्नांदिन: गोलसर, हिरवट पिवळा, खांद्यावर लाली, हंगामात उशिरा येतो.

तोतापुरी: लांबट, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा. एकदा पाहिला की चुकत नाही.

राजापुरी: मोठे फळ, लोणच्याला आणि मुरंब्याला घेतात.

नावांवर मात्र फार विसंबू नका. आपला हापूस कर्नाटकात बदामी म्हणून विकला जातो आणि आपल्या पायरीला तिकडे रसपुरी म्हणतात. एका जातीला दहा नावे आणि एका नावाच्या दहा जाती, हा आंब्याचा जुनाच घोळ आहे. तो सोडवायला बर्न्स आणि प्रयाग या दोघांनी १९२० च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या आंब्यांवर पुस्तक लिहिले आणि फळाच्या आकारावरून जातींची मांडणी केली. आज प्रयोगशाळेत पानावरून झाडाची अनुवंशिक तपासणीही होते. पण तीसुद्धा माहीत असलेल्या झाडांशी ताडूनच बघावी लागते. तेव्हा आपण लिहिलेली वही वाया जात नाही.

मोहर कधी आला, फळ कधी तयार झाले, नवी पालवी तांबूस की फिकट हिरवी, पान चुरगळले तर वास येतो का, याही नोंदी ठेवा. दोन हंगाम बघा. एका वर्षाच्या फळावर पाऊसपाण्याचा परिणाम झालेला असू शकतो.

नाव सापडले नाही तर?

समजा, सगळे करून पाहिले आणि झाड कोणत्याच जातीशी जुळले नाही. तुम्ही म्हणाल, "म्हणजे शेवटी रायवळच ना!" होय, रायवळच. पण इथेच जरा थांबा.

तुमच्या परसात जुना हापूस असेल आणि तो पडला, तर तुमचे नुकसान होईल, वाईटही वाटेल. पण हापूस संपणार नाही. त्याचे भाईबंद किनाऱ्यावर लाखांनी उभे आहेत. नवे कलम आणून लावले की तोच आंबा पुन्हा आला. तुमचा शेप्या किंवा साखऱ्या मात्र सगळ्या जगात एकटाच आहे. तो तोडला की तसा आंबा पुन्हा कुठल्या रोपवाटिकेत मिळायचा नाही. त्याची कोय पुरलीत तरी तो येईलच असे नाही. ज्याला नाव आहे त्याला सांभाळणारे पुष्कळ आहेत. ज्याला नाव नाही त्याला फक्त तुम्ही आहात.

असे एकटे झाड कोणी जपले तर काय होते, याची उदाहरणे आहेत. लखनौजवळ काकोरीच्या बाजूला दशहरी नावाचे गाव आहे. तिथल्या एका जुन्या झाडाच्या फांद्यांवरून दशहरी आंबा उत्तर हिंदुस्थानभर गेला. ते मूळ झाड आजही लोक जाऊन बघतात. जुनागढच्या केसरचीही कथा वेगळी नाही. एका चांगल्या आंब्याची कलमे बांधली गेली आणि गराच्या केशरी रंगावरून त्याला नाव मिळाले.

प्रत्येक रायवळ असा निघेल असे नाही. आंबट, रेषाळ, खायला नकोसे आंबेही पुष्कळ असतात. पण आंबट कैरी लोणच्याला लागते. उशिरा येणारे फळ बाजार रिकामा असताना चार पैसे देते. एखादे झाड दर वर्षी फळते, एखाद्याला कीड-रोग कमी लागतो. संशोधकांना नवी जात काढायला हेच गुण हवे असतात. वेंगुर्ल्याचा रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर. नीलम जर कोणी जपून ठेवला नसता, तर रत्ना कुठून आला असता?

तोडण्याआधी चार काड्या

झाड काढणे भागच असेल, तर निदान त्याची कलमे करून घ्या. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळ कोयी गादीवाफ्यावर रुजत घाला. कोंब पंधरा दिवसांच्या आत, तांबूस आणि कोवळे असतानाच कोय कलमाच्या कामाचे असतात. जुन्या झाडावरची तीन-चार महिन्यांची निरोगी काडी निवडा. काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळा फुगतो. मग कोंबाचा शेंडा कापून मधोमध खाच द्या, काडीचे टोक पाचरीसारखे तासून खाचेत बसवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला चांगली. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या रोपवाटिकेतल्या कलमे बांधणाऱ्याला झाडापाशी घेऊन या. एकावर भागवू नका, दहा-बारा बांधा. त्यांतली दोन शेजाऱ्याला द्या. तुमच्याकडचे मेले तरी त्याच्याकडचे राहील.

झाड खरोखर गुणी असेल, तर वही आणि फळे घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा आपल्या भागातल्या कृषी विद्यापीठात दाखवा. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंद शेतकऱ्याच्या नावाने करण्याची सोय झाली आहे.

आणि शेवटचे एक काम, ज्याला पैसा लागत नाही. या हंगामात घरातल्या आजीला किंवा आजोबांना हाताला धरून झाडाखाली न्या. झाड कोणी लावले, कोय कुठून आणली, याला काय म्हणत होते, आंबे कोणाकोणाकडे जात होते, ते विचारा आणि त्याच वहीत लिहून ठेवा. बुंध्याची गाठ तुम्ही उद्याही बघू शकाल. म्हाताऱ्या माणसाची आठवण मात्र उद्यावर टाकू नका.